सहा बाद एकशे दहा

“थांबा. एवढं पोचवू द्या.”

असं म्हणून ते उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या तोंडापुढे धरायचे. कोर्टात धरायचे ते ठीक, पगार त्याचाच होता. पण मासळीवाला भाव सांगत असला तरी पंजा, बायको घरातलं काही सांगत असली तरी पंजा. एक वाक्य झालं की थांबायचं, पुढचं वाक्य परवानगी मिळाल्यावर. आमच्या अख्ख्या वस्तीला त्यांनी अशी शिस्त लावली होती. गाढवावरून पाणी आणणारा बलुचीसुद्धा त्यांच्या दारात एका वाक्यानंतर गप्प उभा राहायचा. गाढव मात्र शेवटपर्यंत सुधारलं नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. साहेबाच्या शेजारी उभं राहून राहून आपणही थोडे साहेब झालो, असं त्यांना वाटू लागतं. हे त्यांतलेच. दुबईच्या कोर्टात दुभाषी होते. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत, मीही तेवढंच लिहिते. पूर्ण नाव लिहायचं तर बापाचं, गावाचं, तालुक्याचं सगळं लिहा, नाहीतर लिहू नका, असं ते म्हणाले असते.

तेव्हा दुबईत न्यायाला दोन दारं होती. इथल्या लोकांचा न्याय शेखांकडे आणि काझींकडे. आमच्यासारख्या हिंदुस्थानी पासपोर्टवाल्यांचा न्याय इंग्रजांच्या कचेरीत. एक बाजू इथली आणि एक आपली असली तर दोन्हीकडचे मिळून बसत, आणि मग कोणालाच काही समजत नसे. हिंदुस्थान सोडताना इंग्रज बाकी सगळं ठेवून गेले, कायद्याची पुस्तकं तेवढी इकडे घेऊन आले असावेत, कारण कचेरीतली कलमं सगळी आपल्याकडचीच होती. साहेब एकच. सकाळी तो पासपोर्टांवर शिक्के मारायचा आणि दुपारी त्याच टेबलावर न्याय करायचा. शिक्के बाजूला सरकवले की झालं कोर्ट.

साहेबाला इंग्रजी येई आणि मोडकंतोडकं हिंदुस्थानी. समोर उभा असायचा कोणी रत्नागिरीचा खलाशी, कोणी कच्छचा दुकानदार, कोणी मलबारचा स्वयंपाकी. मध्ये मुन्शीजी. काळा कोट, मे महिन्यातही. घाम कानामागून गळ्यात उतरायचा, पण कोटाचं बटण निघायचं नाही.

कोणी मदत मागायला आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. “मी कोण? मी कोर्टाची जीभ. जिभेला मत नसतं.”

हे त्यांनी अगदी खरं करून दाखवलं होतं. एकदा एका शिंप्याने भर कोर्टात साहेबाला शिवी दिली. लोकांना वाटलं, आपला कोकणी माणूस आहे, मुन्शीजी गाळतील. मुन्शीजींनी शिवी इंग्रजीत पोचवली. मग ती नीट बसली नाही असं वाटून त्यांनी साहेबाची माफी मागितली आणि दुसऱ्यांदा अधिक चांगली पोचवली. शिंप्याला आठ दिवस आत बसावं लागलं. त्यातले चार दुसऱ्या वेळचे असावेत.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला मशिदीच्या दारात उभं राहणं. हातात घड्याळ. उशिरा येणाऱ्या पोरांना ते विचारत, “तुमची घडी मागे आहे की ईमान?” ही पोरं त्यांना मनातून काय म्हणत असतील, ते पुढे वस्तीत सगळ्यांनी ऐकलं.

ते आमचे शेजारी होते. तेव्हा आमची घरं बरस्तीची, म्हणजे खजुरीच्या झावळ्यांची. दोन घरांच्या मध्ये झावळ्यांचा एकच कूड. इकडे कोणी कूस बदलली तरी तिकडे कळायचं. आपल्याकडच्या बायका त्या काळी तिथे मोजक्याच होत्या, त्यामुळे मुन्शीजींची बायको आणि मी दिवसभर त्या कुडाशीच असायचो. मी तिला भाबी म्हणायची. ती रायगडकडची, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. मी बोलायची ती फक्त तिच्याशी. बाहेरचं कोणी आलं की मी स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरापर्यंत आलं की मागच्या अंगणात. आठ वर्षांत मुन्शीजींशी मी एक शब्द बोलले नव्हते. त्यांचा पंजा माझ्यावर कधी उठला नाही, तो एवढ्याचमुळे.

आता त्या शुक्रवारची गोष्ट.

आमचे हे देऱ्याच्या बाजारात एका शेठच्या गोदामावर होते. त्या दिवशी ह्यांना ताप होता. अंगणातल्या बाजेवर गोधडी घेऊन पडले होते. सगळे पुरुष जुम्म्याला गेलेले, वस्ती कशी चिडीचूप. आणि पलीकडून खरखर ऐकू येऊ लागली. ट्रान्झिस्टरची खरखर, आणि तिच्यात बुडणारा, वर येणारा एक आवाज. हिंदुस्थानचा कसोटी सामना चालला होता.

ह्यांनी गोधडीतून डोकं काढलं. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. भाबी तर सकाळीच म्हणाली होती की मुन्शीजींच्या पोटात मुरडा आहे, मशिदीत जाता येणार नाही, मी जरा बाजूच्या बाळंतिणीला बघून येते.

पण क्रिकेट ऐकलं की ह्यांना राहवत नसे, ताप असो नाहीतर आणखी काही.

“मुन्शीजी, स्कोर काय?”

पलीकडे एकदम सगळं बंद. खरखरही बंद. मग बऱ्याच वेळाने, अगदी कोर्टातल्या आवाजात उत्तर आलं, “सहा बाद एकशे दहा.”

“या अल्ला,” म्हणून ह्यांनी पुन्हा गोधडी ओढली. त्या दिवशी ताप वाढला तो मला वाटतं सहा बादमुळेच.

दुसऱ्या दिवशी शेठचा मेहुणा दोन माणसं घेऊन दारात. गोदामातून चहाच्या पेट्या गेल्या होत्या. जुम्म्याच्या वेळी गेल्या, कारण त्याआधी आणि त्यानंतर बाजारात माणसं होती. कुलूप तुटलं नव्हतं, किल्लीने उघडलं होतं. किल्ल्या दोन. एक शेठच्या घरी, एक आमच्या ह्यांच्याकडे. शेठच्या घरी राहणाऱ्या मेहुण्याने हिशोब मांडला की शेठच्या घरचं कोणी चोर असू शकत नाही, म्हणजे उरलं कोण? फार हुशार माणूस. पेट्या कोणाकडे गेल्या ते पुढे वर्षभरात साऱ्या बाजाराला कळलं. त्या मेहुण्याला मात्र कधी कळलं नाही म्हणे.

“मशिदीत ह्याला कोणी पाहिलं का?” तो विचारत होता. कोणी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार?

ह्यांचा पासपोर्ट कचेरीत जमा झाला. गुन्हा ठरला असता तर आधी तुरुंग आणि मग बोटीत बसवून परत. गावी सासूसासरे, दोन नणंदा, आणि माझ्या पोटात पाचवा महिना. आणि चोर म्हणून परत जायचं. आमच्या गावात माणूस पंचवीस वर्षांपूर्वी काय करून आला, हे त्याच्या नातवाच्या लग्नातही सांगतात.

रात्री मी ह्यांना हळूच म्हटलं, “मुन्शीजींना ठाऊक आहे तुम्ही घरी होता.”

हे म्हणाले, “ठाऊक आहे. पण ते त्या वेळी घरी होते, हे त्यांनीच सांगायला हवं. मी कशाला दुसऱ्याची अब्रू काढू? माझी वाचवायला?”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर जिभेला मत नसतं.”

आणि जीभ खरंच गप्प राहिली. पहिल्या तारखेला मुन्शीजींनी ह्यांचं म्हणणं पोचवलं. हा म्हणतो, मी घरी आजारी होतो. साहेबाने विचारलं, साक्षीदार? हा म्हणतो, बायको. एवढंच. ना पापणी हलली, ना बटण निघालं. घरी येऊन मात्र त्यांनी कुडावर आतून एक जाड कांबळं टांगलं. भाबीला सांगितलं, “केस चालू असलेल्या माणसाचं काही कानावर येता कामा नये. कायदा आहे.” आमच्याकडून गेलेली सांदणं त्यांनी खाणं बंद केलं. भाबी मग कांबळ्याच्या खालून हात घालून वाटी घ्यायची आणि चुलीपाशी एकटीच खायची.

“काय झालंय गं ह्यांना?” ती मला विचारायची. “तो मुरडा झाल्यापासून हे असेच. मी रोज ईसबगोल देते, पण गुण नाही.”

मला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, “ताक दे.”

दुसऱ्या तारखेला काही झालं नाही, साहेबाला बंदरावर जावं लागलं. तिसऱ्या तारखेला माझी साक्ष होती.

त्याआधीचे आठ दिवस मी काय खाल्लं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी एक वाक्य पाठ करत होते. “त्या शुक्रवारी हे घरी होते, तापाने पडले होते.” चौथीत कविता पाठ करताना जशी मान हलवायची तशी हलवून. पण पाठ करता करता मला पुढचं दिसायला लागलं. साहेब विचारणार, तुझ्याशिवाय आणखी कोणाला ठाऊक आहे? मी कुराणावर हात ठेवून काय सांगणार? आणि जे सांगणार ते इंग्रजीत पोचवणार कोण? मुन्शीजी. म्हणजे मुन्शीजींनी नमाज टाकून ट्रान्झिस्टर ऐकला, हे मुन्शीजींनीच साहेबाला सांगायचं, पंजा वर धरून, एकेक वाक्य. असा न्याय कोणत्या पुस्तकात लिहिला होता, अल्ला जाणे.

भाबी माझ्या सोबतीला आली. आम्ही दोघी बुरख्यात, खोलीतल्या शेवटच्या बाकावर. छताचा पंखा फिरत होता तो फक्त साहेबाच्या डोक्यावर. शेठचा मेहुणा अत्तर लावून आला होता. माझं नाव पुकारलं. मी उठून पुढे गेले. मुन्शीजींनी शपथ सांगितली, ती मी ओठांतल्या ओठांत म्हटली.

साहेबाने विचारलं. मुन्शीजींनी मराठीत विचारलं, “त्या शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी तुमचे पती कुठे होते?”

“घरी,” मी म्हटलं. तोही आवाज पंख्याने नेला. त्यांनी पोचवला.

“घरी होते हे तुमच्याशिवाय आणखी कोणाला ठाऊक आहे का?”

मी मान वर केली. मुन्शीजी माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. गळ्याशी घामाची धार. माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. लाजेने गप्प झाले की त्यांच्या अब्रूसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी घशात आले आणि एकाने दुसऱ्याला वाट दिली नाही.

मेहुणा हसला. “बोलेगी क्या? झूठ याद नहीं हो रहा.”

मुन्शीजींनी तेही पोचवलं. कोर्टाची जीभ.

साहेबाने पुन्हा विचारलं. मुन्शीजींनी पुन्हा मराठीत विचारलं. मी गप्प. मग ते साहेबाला इंग्रजीत एक छोटं वाक्य बोलले. साक्षीदार बोलत नाही, असं. साहेबाने पेन उचललं. आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि मग मुन्शीजींनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली.

एक, दोन, तीन, चार. कोट काढला, घडी केली आणि आपल्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. खालचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तसेच ते तिथून निघाले आणि माझ्या शेजारी, साक्षीदाराच्या जागी येऊन उभे राहिले. साहेबाला काही म्हणाले. मग मोठा कारकून पुढे आला आणि जे चाललं होतं ते हिंदुस्थानीत सांगू लागला, म्हणून मला कळलं.

“साहेब, ही बाई बोलत नाही, कारण ती माझी लाज राखते आहे. हा माणूस घरी होता. मला ठाऊक आहे, कारण मीही घरी होतो. जुम्म्याला गेलो नव्हतो. पोटाचं निमित्त सांगून क्रिकेट ऐकत होतो. ह्याने कुडापलीकडून मला स्कोर विचारला आणि मी सांगितला.”

मग शेवटच्या बाकावरून भाबीचा आवाज.

“दोन महिने ईसबगोल पाजला मी तुम्हाला!”

मुन्शीजींचा पंजा आपोआप वर गेला. “थांबा.”

“थांबा काय? दोन महिने!”

साहेबाने कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाला ईसबगोलचं इंग्रजी आलं नाही. त्याने मुन्शीजींकडे पाहिलं. मुन्शीजींनी स्वतः साहेबाला ते समजावून सांगितलं, अगदी पचनापर्यंत. मी पायांच्या अंगठ्याकडे बघत होते.

मेहुणा उठला. शेजारी शेजाऱ्याला वाचवणारच, साहेब, म्हणाला. साहेबाने जरा विचार केला. मग मुन्शीजींना बाहेर व्हरांड्यात पाठवलं, दार लावायला सांगितलं आणि आमच्या ह्यांना विचारलं, “स्कोर काय सांगितला होता?”

ह्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, “सहा बाद एकशे दहा.”

साहेब खुर्चीत मागे टेकला. साहेब स्वतः क्रिकेटवाला. त्याच्या बंगल्यात मोठा रेडिओ होता, त्या दुपारी तोही तेच ऐकत होता. “त्या वेळी फक्त तिघे बाद होते,” तो म्हणाला. “आणि धावा जवळजवळ दुप्पट.”

मेहुण्याने आनंदाने मांडीवर थाप मारली. “देखा साहब! झूठा!”

ह्यांच्या तोंडावर रंग नव्हता. दोन महिने ह्यांनी तो सामना सहा बाद समजून मनात धरला होता, वर मुन्शीजींना दुखवायला नको म्हणून कोणाकडे विषयही काढला नव्हता.

मुन्शीजींना आत बोलावलं. साहेबाने विचारलं, “तुम्ही ह्याला नक्की काय सांगितलं?”

मुन्शीजींची मान खाली गेली. आम्ही त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. नमाज चुकली ते त्यांनी सांगितलं होतं, बायकोशी खोटं बोलले ते सांगितलं होतं. आता आणखी काय उरलं होतं, मला कळेना. त्यांनी खुर्चीवरच्या कोटाकडे एकदा पाहिलं.

“सहा बाद एकशे दहा,” ते म्हणाले. “साहेब, ते खोटं होतं. ट्रान्झिस्टरचे सेल संपत आले होते, खरखरीत आवाज बुडत होता. मला काही ऐकू येत नव्हतं. माहीत नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून मनाने सांगितलं.”

साहेब किती तरी वेळ हसत होता. मग रुमालाने डोळे पुसले आणि लिहायला लागला. खरा स्कोर दोघांनाही कुठूनही कळला असता. हा खोटा स्कोर साऱ्या जगात दोनच माणसांकडे होता, एकाने सांगितलेला आणि दुसऱ्याने त्याच वेळी कुडापलीकडे ऐकलेला. ह्यांचा पासपोर्ट त्याच दुपारी परत मिळाला. शिक्क्यांच्या त्याच टेबलावरून.

इथे गोष्ट संपली असती तर मुन्शीजींचं भलं झालं असतं. पण न्याय एकदा सुरू झाला की थांबत नाही. मेहुण्याने अर्ज दिला की ज्याला पहिल्या तारखेपासून सगळं ठाऊक होतं, तो तिसऱ्या तारखेपर्यंत दुभाषी म्हणून कसा उभा राहिला? आधीच्या केसमध्ये त्याने काय काय पोटात ठेवलं असेल? चोराच्या घरून चांगला प्रश्न आला. साहेबाला उत्तर देता आलं नाही. महिन्याभरात मुन्शीजींना पत्र मिळालं, खलास.

आमचे हे रडकुंडीला आले होते. मुन्शीजींनी पंजा दाखवून त्यांना थांबवलं. “साहेबाचं बरोबर आहे. मी साहेब असतो तर मीही मला काढलं असतं. पहिल्याच तारखेला काढलं असतं.”

पगार गेला ते त्यांनी सोसलं असतं. वस्तीला ते सोसवेना. ज्यांच्या घड्याळाला त्यांनी इतकी वर्षं नावं ठेवली ती पोरं आता मशिदीच्या दारात उभी राहून विचारत, “मुन्शीजी, स्कोर काय?” बलुची विचारायचा. मासळीवाला विचारायचा. ज्यांचे अर्ज त्यांनी फुकट लिहून दिले होते, तेही विचारायचे. निरपराध माणूस सुटला, हे चार दिवसांत जुनं झालं. मुन्शीजींचा मुरडा मात्र रोज ताजा. आम्ही कोकणातले लोक उपकार विसरतो असं कोणी म्हणू नये. आम्ही ते फक्त बाजूला ठेवतो.

ते स्कोर विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचे. “माहीत नाही.” दरवेळी, नीट थांबून, “माहीत नाही.”

पुढच्या बोटीने ते निघाले. मुंबईची बोट बाहेर समुद्रात उभी राहायची, खाडीतून लाँचने तिथे जावं लागे. सकाळची वेळ. आम्ही पोचवायला गेलो. भाबी माझ्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडताच, उलटी झाली तर लिंबू हुंग, बोटीवर मी असले तरी तू हुंग, अजून तुझे दिवस भरायचेत, असं काहीतरी सांगत राहिली. मुन्शीजी ट्रंकेवर बसले होते. कोट अंगात नव्हता, हातावर होता.

मी घरून एक वाक्य तयार करून आणलं होतं. तुमच्यामुळे आमची अब्रू राहिली, अल्ला तुमचं भलं करो. रात्रभर पाठ केलं होतं. लाँचवाला “यल्ला, यल्ला” ओरडायला लागला. मी दोन पावलं पुढे झाले. ते उभे राहिले. पंजा वर केला नाही, नुसते थांबले.

“कोंबड्या मी बघीन,” मी म्हटलं.

तोंडातून तेच निघालं. भाबीने आपल्या तीन कोंबड्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आणून सोडल्या होत्या, त्याच डोळ्यांसमोर आल्या असाव्यात.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तांबडीला दाणे वेगळे टाका. बाकीच्या दोघी तिला खाऊ देत नाहीत.”

“बरं,” मी म्हटलं.

लाँच खाडीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली. पुढे भाबीची दोन पत्रं आली, दुसऱ्यात ते गेल्याचं होतं. ते कोर्टही काही वर्षांनी राहिलं नाही. सगळ्या शेखांचा मिळून हा देश झाला, इंग्रज पुस्तकं घेऊन आणखी कुठे गेले असतील. आता मी मुलाकडे अल बर्शाला राहते. नातवंडं इंग्रजीत बोलतात आणि सून मध्ये बसून मला समजावते. ती बरंच गाळते.

त्या दिवशी घरी येऊन मी तांबडीला वेगळे दाणे टाकले. रोज टाकले. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती अंडी देतच नाही. म्हातारी झालेली. आमचे हे म्हणाले, “मग ठेवायची कशाला? शुक्रवारी कापू या.”

मी “नाही” म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं की कुडापलीकडे स्वच्छ ऐकू गेलं असतं. पलीकडे कोणी नव्हतं.